पाय हलला, म्हणजे नेमकं काय झालं?



मी डॉक्टर आहे. पुनर्वसन वैद्यक, म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, हा माझा विषय. राहते इंदूरला. माझ्याकडे येणारे निम्मे रुग्ण हिंदी बोलणारे आणि बरेचसे मराठी. बऱ्हाणपूर, बैतूल, जळगाव, धुळे अशा भागांतून लोक येतात. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या मज्जारज्जूला, म्हणजे स्पायनल कॉर्डला, इजा झालेली असते. कोणी मोटरसायकलवरून पडलेलं असतं, कोणी झाडावरून, कोणी बांधकामाच्या परातीवरून, तर कोणी रात्री गच्चीवर झोपलेलं असताना कठडा नसल्यामुळे.

या रुग्णांचे नातेवाईक माझ्याशी दोन वाक्यं हमखास बोलतात. पहिलं वाक्य अपघातानंतर दोन-तीन दिवसांत येतं : "मॅडम, पाय पार लुळे पडलेत, आता काही खरं नाही." दुसरं येतं तीन-चार आठवड्यांनी : "मॅडम, पाय हलला! आता चालणार ना?"

पहिल्या वाक्यात वाजवीपेक्षा जास्त निराशा असते आणि दुसऱ्यात वाजवीपेक्षा जास्त आशा. ही दोन्ही वाक्यं ज्या एका गोष्टीमुळे बोलली जातात, तिचं नाव आहे स्पायनल शॉक. ती नीट समजली तर घरच्यांचे निर्णय बदलतात, पैसे वाचतात आणि क्वचित जीवही वाचतो. म्हणून आज तेवढ्यावरच बोलणार आहे.

आधी थोडी शरीररचना. मज्जारज्जू म्हणजे मेंदूतून निघून पाठीच्या कण्याच्या पोकळीतून खाली उतरणारी दोरी. लांबी साधारण 45 सेंटीमीटर, जाडी करंगळीएवढी. कण्याच्या तळापर्यंत ती जात नाही. मोठ्या माणसात कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपते. तिच्यातून दोन्ही बाजूंना नसांच्या 31 जोड्या निघतात.

बहुतेकांना वाटतं की ही नुसती वायर आहे. मेंदू वर बसून हुकूम सोडतो आणि वायर तो पायापर्यंत पोचवते. हे अर्धंच खरं आहे. मज्जारज्जूच्या प्रत्येक टप्प्यावर एक लहानसं कार्यालय असतं, आणि रोजच्या बारीकसारीक गोष्टी ते मंत्रालयाला न विचारता निकाली काढतं. तापलेल्या तव्याला बोट लागलं की हात मागे येतो, आणि चटका बसल्याचं कळतं त्यानंतर. हा निर्णय मेंदूचा नसतो, मज्जारज्जूचा असतो. यालाच आपण शाळेत प्रतिक्षिप्त क्रिया म्हणून शिकलो. आज मी सोयीसाठी रिफ्लेक्स म्हणेन.

डॉक्टर गुडघ्याखाली रबरी हातोडी मारतात ते तुम्ही पाहिलं असेल. तिथे स्नायूची कंडरा क्षणभर ताणली जाते. मांडीच्या स्नायूत ताण मोजणारे बारीक तंतू असतात, ते ही बातमी मज्जारज्जूच्या कमरेच्या भागात पोचवतात. तिथली चेतापेशी लगेच उलट निरोप पाठवते आणि पाय पुढे उडतो. सगळा कारभार काही शतांश सेकंदांत आटोपतो. बातमी आत गेली, हुकूम बाहेर आला. मेंदूची सही लागली नाही.

आता खरं कोडं बघा. समजा, एखाद्या माणसाच्या छातीच्या सहाव्या मणक्यापाशी मज्जारज्जूला जबर इजा झाली. वरून येणारे हुकूम तुटले, त्यामुळे त्याला स्वतःहून पाय हलवता येणार नाही, हे आपल्याला समजतं. पण गुडघ्याच्या रिफ्लेक्सचं कार्यालय तर खूप खाली, कमरेच्या भागात आहे. त्याला धक्काही लागलेला नाही. येणारी नस शाबूत, जाणारी नस शाबूत, मधली पेशीही शाबूत. मग हातोडी मारल्यावर पाय उडायला हवा.

तो उडत नाही. पहिल्या दिवशी हातोडी मारा, तळव्यावर रेघ ओढा, काही होत नाही. पाय उचलून सोडला तर ओल्या टॉवेलसारखा खाली पडतो. मूत्राशय आकुंचन पावत नाही, आतडी मंदावतात. इजेच्या खालचं सगळंच मुकं होतं. याला स्पायनल शॉक म्हणतात.

इथे एक घोटाळा आधीच दूर करते. 'शॉक' म्हटलं की लोकांना रक्तदाब कोसळणं आठवतं. मान किंवा छातीच्या वरच्या भागातल्या इजेत तेही होतं, रक्तदाब उतरतो आणि नाडी मंद होते. पण त्याला न्यूरोजेनिक शॉक म्हणतात आणि ती वेगळी भानगड आहे. स्पायनल शॉक म्हणजे रिफ्लेक्सचं मौन. मानसिक धक्का आणि विजेचा झटका यांच्याशीही त्याचा संबंध नाही.

हे मौन का पडतं, याचा शोध फार जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडच्या रॉबर्ट व्हिट यांनी बेडकांवर प्रयोग करताना ते नोंदवलं होतं. पुढे एकोणिसाव्या शतकात मार्शल हॉल या इंग्रज डॉक्टरांनी रिफ्लेक्सची कल्पना पद्धतशीर मांडली आणि या अवस्थेला 'शॉक' हा शब्द वापरला. बेडकात मौन काही मिनिटांत सरतं. मांजरात काही तास लागतात, माकडात दिवस आणि आठवडे, आणि माणसात आठवडे ते महिने. प्राणी जितका मेंदूवर जास्त विसंबलेला, तितकं मौन लांब. बेडकाची खालची कार्यालयं बऱ्यापैकी स्वतंत्र असतात. आपण मात्र लाखो वर्षांत सगळा कारभार राजधानीकडे सोपवून बसलो आहोत.

पण हे मौन तुटलेल्या जोडणीमुळे की नुसत्या जखमेच्या धक्क्यामुळे? याचं उत्तर चार्ल्स शेरिंग्टन यांनी दिलं. 1932 चं नोबेल ज्या दोघांना विभागून मिळालं त्यांतले हे एक. त्यांचा युक्तिवाद मला फार आवडतो, कारण तो साधा आहे. एका प्राण्याचा मज्जारज्जू छेदला, रिफ्लेक्स गेले. काही काळाने परत आले. मग त्याच छेदाच्या खाली दुसरा छेद दिला. जखम तशीच, इजा तेवढीच. पण या वेळी रिफ्लेक्स तसे गेले नाहीत. म्हणजे दोष जखमेचा नव्हता. पहिल्या छेदाने वरच्या केंद्रांशी असलेली जोडणी तोडली, तिचा तो परिणाम होता. दुसऱ्या छेदाला तोडायला वरचं काही उरलंच नव्हतं.

मग वरून येत काय होतं? हुकूम तर अधूनमधून येतात. पण हुकमांशिवाय आणखी एक गोष्ट सतत, झोपेतसुद्धा, खाली झिरपत असते. गावाकडचा हातपंप आठवा. बराच वेळ वापरला नाही की तो कोरडा पडतो. दांडा कितीही हलवा, पाणी येत नाही. वरून तांब्याभर पाणी ओतलं की मग तो ओढतो. मेंदू आणि मेंदूचा खालचा देठ हे तांब्याभर पाणी सतत ओतत असतात. त्यामुळे खालच्या चेतापेशी कायम तयारीत राहतात, जरा खुट्ट झालं की काम करतात. जोडणी तुटली की ती तयारी जाते. पेशी जिवंत असते, पण इतकी मागे सरकलेली असते की हातोडीचा निरोप तिला पुरत नाही. शिवाय स्नायूतले ताण मोजणारे तंतूही वरच्या केंद्रांच्या मदतीने ताणलेले असतात. ते सैल पडतात. तंबोऱ्याची तार उतरली की छेडूनही सूर लागत नाही, तसं होतं.

म्हणून पहिल्या वाक्याचं उत्तर असं : पहिल्या दोन-तीन दिवसांत पाय पार लुळे असणं याचा अर्थ पाय मेले असा नाही. त्या लुळेपणावरून पुढचं भविष्य सांगता येत नाही. भविष्याचा अंदाज घ्यायचा तर वेगळ्या गोष्टी तपासाव्या लागतात. त्यांच्याकडे मी येतेच.

माणसात हे मौन सुटतं, हे कळायला मात्र फार उशीर झाला. 1890 मध्ये लंडनच्या चार्ल्टन बॅस्टियन यांनी सांगितलं की माणसाचा मज्जारज्जू पूर्ण तुटला तर खालचे रिफ्लेक्स कायमचे जातात. त्या काळात जे दिसत होतं त्यावरून ते बोलले. पण असे रुग्ण तेव्हा जगतच नसत. पाठीवरच्या शय्याव्रणांनी आणि लघवीच्या संसर्गाने काही आठवड्यांत जात. त्यातून, अंगात जंतुसंसर्ग भिनलेला असला की रिफ्लेक्स आणखी दबतात. पहिल्या महायुद्धात पाठीत गोळ्या लागलेल्या तरुण सैनिकांची संख्या वाढली, शुश्रूषा थोडी सुधारली, आणि 1917 मध्ये जॉर्ज रिडॉक यांनी पूर्ण तुटलेल्या मज्जारज्जूचे रिफ्लेक्स परत कसे येतात ते सविस्तर लिहिलं. मज्जारज्जूचा हा गुण आपल्याला कुठल्या यंत्राने दाखवला नाही. वेळेवर कुशी बदलणाऱ्या नर्सेसनी दाखवला, असं मी विद्यार्थ्यांना सांगते.

आता हे परत येणं कसं घडतं ते पाहू. 2004 मध्ये जॉन डिट्यूनो आणि सहकाऱ्यांनी त्याचे चार टप्पे मांडले. आज आम्ही साधारण तेच वापरतो.

पहिला टप्पा पहिल्या 24 तासांचा. रिफ्लेक्स गेलेले किंवा फार मंद.

दुसरा टप्पा पहिल्या ते तिसऱ्या दिवसाचा. या काळात काही रिफ्लेक्स परतू लागतात, आणि क्रम अनपेक्षित असतो. गुडघा आधी येत नाही. बहुधा सगळ्यांत आधी दिसतो तो तळव्याचा एक उशिरा येणारा रिफ्लेक्स. तळव्यावर जोर देऊन रेघ ओढली की लगेच काही होत नाही. क्षणभर थांबून बोटं सावकाश खाली वळतात आणि सावकाश सुटतात. मग ओटीपोटाखालचे रिफ्लेक्स येतात. लघवीची नळी हलकेच ओढली की गुदद्वाराचा स्नायू आवळतो, तो त्यांतला एक. आम्ही डॉक्टर हे तपासतो तेव्हा घरच्यांना अवघडल्यासारखं होतं. पण ही तपासणी फार मोलाची आहे, ती होऊ द्या.

तिसरा टप्पा पहिल्या ते चौथ्या आठवड्याचा. घोटा, गुडघा असे हातोडीचे रिफ्लेक्स परत येतात. तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर जातो. बाबिन्स्की यांनी 1896 मध्ये वर्णन केलेली ती खूण.

चौथा टप्पा एक महिन्यापासून वर्षभरापर्यंतचा. आता रिफ्लेक्स नुसते परत येत नाहीत, अति होतात. चादर अंगावरून ओढली तरी दोन्ही पाय पोटाशी येतात. घोटा थरथर नाचत राहतो. स्नायू ताठर होतात. याला स्पास्टिसिटी म्हणतात.

"शॉक कधी संपला?" असं कोणी विचारलं तर आम्ही डॉक्टर वेगवेगळी उत्तरं देतो. एक म्हणतो दोन दिवसांत, दुसरा म्हणतो महिन्याने. दोघंही खोटं बोलत नाहीत. एक तळव्याचा रिफ्लेक्स धरून सांगतो, दुसरा गुडघ्याचा. पाहुणे एकेक करून येतात. कोणाच्या येण्याला लग्न सुरू झालं म्हणायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आधी मुकं असलेलं नंतर अति का होतं? वरून येणारं रसायन बंद झालं की खालची पेशी त्या रसायनाला पकडणारे ग्राहक वाढवते आणि आहे त्या थोड्या निरोपाला मोठा प्रतिसाद देऊ लागते. तुटलेल्या तंतूंच्या जागा पेशीवर रिकाम्या झालेल्या असतात. शेजारचे तंतू फांद्या फोडून त्या बळकावतात. आणि रिफ्लेक्सला 'पुरे' म्हणणारे ब्रेकही ढिले होतात. ब्रेकचं काम करणाऱ्या निरोपाला पेशीतल्या क्लोराइडची पातळी कमी असावी लागते. इजेनंतर ती पातळी राखणारा पंप कमी होतो आणि ब्रेक नीट लागत नाही. म्हणजे मज्जारज्जू स्वतःला दुरुस्त करत असतो. पण वर कोणी देखरेखीला नसताना केलेली ती दुरुस्ती असते.

आता दुसऱ्या वाक्याकडे येते : "मॅडम, पाय हलला!"

खानदेशातल्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. चिंचेच्या झाडावरून पडलेला तिशीतला शेतकरी. इजा छातीच्या मध्यावर. पाचव्या आठवड्यात त्याचा मोठा भाऊ मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. व्हिडिओत उजवा पाय गुडघ्यातून वाकून वर येताना स्वच्छ दिसत होता.

"मॅडम, हे बघा. काल रात्री हलला. एका ठिकाणी स्टेम सेलची इंजेक्शनं देतात म्हणे. आत्ता हलायला लागलाय, तर लगेच दिली पाहिजेत. दीड एकराचं गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

मी खाटेजवळ गेले. रुग्णाला म्हटलं, "दादा, डोळे मिटा. मी हात लावणार नाही. मी सांगेन तेव्हा उजवा गुडघा वाकवा." सांगितलं. काही झालं नाही. पुन्हा सांगितलं. मानेच्या शिरा ताणल्या, घाम आला, पाय होता तिथेच. मग मी तळव्याला नुसता चिमटा घेतला आणि गुडघा झटक्यात वर आला. "दादा, आता पाय कुठे आहे?" तो म्हणाला, "सरळ आहे ना."

भाऊ बघत होता. त्याला समजलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे हा हलवत नाहीये. हलतोय."

मराठीत हा फरक एका अक्षराचा आहे आणि तोच सगळा विषय आहे. हलणं वेगळं आणि हलवणं वेगळं. रिफ्लेक्स परत आला याचा अर्थ इजेच्या खालचा मज्जारज्जू जिवंत आहे, त्याचं कार्यालय उघडलं आहे. वरची जोडणी सांधली गेली असा त्याचा अर्थ होत नाही. ते ठरवण्यासाठी दोनच प्रश्न विचारायचे. सांगितल्यावर हलतो का? आणि सांगितल्यावर थांबतो का?

डॉक्टर याहून बारकाईने पाहतात. डोक्यापासून पायापर्यंत ठरलेल्या बिंदूंवर स्पर्श आणि टोचणी तपासतात, ठरलेल्या स्नायूंची ताकद मोजतात आणि ए ते ई अशी श्रेणी देतात. त्यात सगळ्यांत महत्त्वाची जागा असते गुदद्वाराभोवतालची. मज्जारज्जूच्या अगदी शेवटच्या टोकाशी ती जोडलेली आहे. तिथे स्पर्श किंवा दाब कळत असेल, किंवा रुग्णाला तो स्नायू मनाने आवळता येत असेल, तर वरून खालपर्यंत काही तंतू शिल्लक आहेत. मग इजा 'अपूर्ण' ठरते आणि सुधारणेची शक्यता बरीच वाढते. पहिल्या काही तासांत ही तपासणी फसवी ठरू शकते, म्हणून साधारण 72 तासांनी आणि पुढेही ती पुन्हा करतात. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या काही महिन्यांत होतो, नंतर वेग कमी होतो.

आता त्या दीड एकराबद्दल. रिफ्लेक्स परत येण्याचा काळ साधारण ठरलेला आहे, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून पुढचे काही महिने. या काळात तुम्ही काहीही करा, पाय हलणारच आहे. तेल लावा, अंगारा लावा, महागडी इंजेक्शनं द्या, पाय हलेल आणि श्रेय त्या गोष्टीला जाईल. फसवणारा मुद्दाम फसवतोच असं नाही. कित्येकदा त्यालाही तसंच वाटत असतं. म्हणून एखाद्या उपचाराच्या जाहिरातीत हलणारे पाय दाखवले असतील तर विचारा : तो माणूस पाय हलवतोय की पाय हलतोय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मज्जारज्जूच्या इजेसाठी स्टेम सेल हा मान्यताप्राप्त उपचार नाही. तो फक्त मंजूर चाचणीत देता येतो, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. जमीन विकायला लागत असेल तर ती चाचणी नव्हे, एवढी खूणगाठ बांधा.

त्या भावाने जमीन विकली नाही. त्या पैशातल्या थोड्या भागात त्यांनी घराला उतार बांधला, संडासाचं दार रुंद केलं आणि चांगली व्हीलचेअर घेतली.

तुम्ही म्हणाल, मग हे रिफ्लेक्स काय कामाचे? पुष्कळ कामाचे.

मूत्राशयापासून सुरू करू. शॉकच्या काळात ते सैल पिशवीसारखं असतं. भरतं, पण रिकामं होत नाही, म्हणून नळी लागते. रिफ्लेक्स आले की ते आपोआप आकुंचन पावू लागतं. घरच्यांना वाटतं, लघवी होतेय, नळी काढून टाकू. इथे सांभाळा. मूत्राशय दाबत असतं आणि त्याच वेळी खालची झडपही आवळलेली असू शकते. आतला दाब वाढतो आणि वर्षा-दोन वर्षांत मूत्रपिंडांवर परिणाम होतो, तोही न दुखता. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ नळी स्वतः घालून मूत्राशय रिकामं करायची पद्धत शिकवतात. नळी बंद करायचा निर्णय तपासणीवर घ्यायचा, अंदाजावर नाही.

शौचाचंही तसंच. रिफ्लेक्स आले की ठरावीक वेळी, जेवणानंतर, सपोझिटरीने किंवा हातमोजा घालून बोटाने चेतवून पोट साफ करता येतं. मग माणूस लग्नाला, बाजारात, नोकरीवर निर्धास्त जाऊ शकतो.

वैवाहिक जीवनाबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. पुरुषांत स्पर्शाने येणारी ताठरता हाही रिफ्लेक्स आहे आणि वरच्या इजेत बहुतेकदा तो परत येतो. मूल होण्यासाठी वैद्यकीय मदत घेता येते. स्त्रियांची पाळी काही महिने थांबू शकते, पण ती परत येते आणि त्या आई होऊ शकतात. नव्या नवरीला कोणी परस्पर माहेरी पाठवण्याआधी ही माहिती त्या दोघांना मिळायला हवी.

आता ताठरपणा आणि झटके. त्यांचा त्रास होतो. झोपमोड होते, सांधे आखडतात, व्हीलचेअरवरून घसरायला होतं. त्यासाठी रोजचं ताणणं, औषधं, इंजेक्शनं आहेत. पण थोडा ताठरपणा उपयोगी असतो. त्यामुळे स्नायू वाळत नाहीत आणि काहींना उभं राहताना आधार मिळतो. त्याहून मोठा उपयोग म्हणजे ती धोक्याची घंटा आहे. ज्याला कमरेखाली दुखणं कळत नाही, त्याचे झटके अचानक वाढले तर काहीतरी बिघडलंय. लघवीचा संसर्ग, मुतखडा, बैठकीखालची जखम, पायाच्या अंगठ्यात रुतलेलं नख. झटक्यांची गोळी वाढवण्याआधी या गोष्टी शोधा.

आणि एक गोष्ट जिवाशी गाठ घालणारी. इजा छातीच्या सहाव्या टप्प्यावर किंवा त्याहून वर असेल, तर रिफ्लेक्स परत आल्यावर ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो. खाली काही खुपतं, बहुतेकदा तुंबलेलं मूत्राशय. खालचा मज्जारज्जू रक्तवाहिन्या आवळतो. वरून 'थांब' म्हणणारा निरोप पोचत नाही. रक्तदाब चढत जातो. डोकं फुटल्यासारखं दुखतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम फुटतो, नाडी मंद होते. या लोकांचा एरवीचा वरचा रक्तदाब 90 ते 110 असतो. त्यामुळे 150 सुद्धा त्यांच्यासाठी धोक्याचा, हे नवख्या डॉक्टरच्या लक्षात येत नाही.

तेव्हा काय करायचं? आडवं करू नका, उठून बसवा आणि पाय खाली सोडा. पट्टा, नाडी, घट्ट कपडे सैल करा. नळी कुठे पिळवटली किंवा तुंबली आहे का बघा, मूत्राशय रिकामं करा. मग शौच साठलंय का आणि अंगाखाली काही टोचतंय का ते बघा. रक्तदाब उतरला नाही तर तातडीने दवाखाना. एका कागदावर हे लिहून रुग्णाच्या पाकिटात ठेवा आणि दवाखान्यात तो कागद पुढे करा.

सगळ्यात शेवटी संशोधनाबद्दल. खालच्या मज्जारज्जूत चालण्याच्या लयीची यंत्रणा बरीचशी शाबूत असते, हे आपल्याला रिफ्लेक्सच्या अभ्यासातूनच कळलं. त्याच धाग्यावरून 2018 मध्ये अमेरिका आणि स्वित्झर्लंडमधल्या गटांनी मज्जारज्जूवर विद्युत उद्दीपन देऊन आणि महिनोन्‌महिने सराव करून काही मोजक्या लोकांना आधाराने पावलं टाकायला लावली. हा रोजच्या दवाखान्यातला उपचार अजून झालेला नाही. पण तो दिवस येईल तेव्हा ज्यांची त्वचा, सांधे, हाडं आणि मूत्रपिंडं चांगली असतील त्यांनाच त्याचा फायदा होईल. आजच्या शुश्रूषेचं हेही एक कारण आहे.

लुडविग गुटमन यांनी 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिलला काम सुरू केलं तेव्हा असे सैनिक मरण्याची वाट बघत पडलेले असत. त्यांनी दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलायला लावली, आणि 1948 मध्ये 16 जणांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांना 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या. त्यांनी 1972 मध्ये हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं. त्याच युद्धात गोळी लागलेले एव्हरेस्टवीर मेजर एच. पी. एस. अहलुवालिया यांनी दिल्लीत मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी मोठं रुग्णालय उभारलं. आणि वेल्लोरच्या डॉ. मेरी व्हर्गीस 1954 च्या अपघातानंतर व्हीलचेअरवर बसून शस्त्रक्रिया करत राहिल्या. या कोणाचंही आयुष्य पाय हलण्याची वाट बघत थांबलं नाही.

तेव्हा घरी असा रुग्ण असेल तर तीन गोष्टी करा. दर दोन तासांनी कूस बदला आणि त्वचा रोज डोळ्यांनी तपासा. पाय हलताना दिसला की व्हिडिओ काढा, पण तारीख लिहा, कशाने हलला ते लिहा, आणि सांगितल्यावर हलला का तेही लिहा. हा व्हिडिओ तुमच्या डॉक्टरांना दाखवा, जाहिरातवाल्याला नाही. आणि पुनर्वसन पहिल्या आठवड्यापासून सुरू करा, पाय हलेपर्यंत थांबू नका.